चौथं नाव

अंबाजोगाईच्या कॉलेजात इतिहास शिकवणारी अंजली निजामाविरुद्धच्या लढ्यावर प्रबंध लिहीत होती. भरदुपारी हेडफोन लावून ती एका वेबसाइटवरची पन्नास वर्षांपूर्वीची मुलाखत ऐकत बसली. लढ्यात भूमिगत राहिलेला एक म्हातारा सोबत्यांची नावं सांगत होता आणि अंजली ती लॅपटॉपवर टाइप करत होती.

चौथं नाव सांगून म्हातारा थबकला.

"सायेब, ही टकटक कशाची हाय?"

"मला तर काही ऐकू येत नाही," मुलाखत घेणारा म्हणाला.

"कुणीतरी टाइपरायटरवर नावं लिहून घ्यायलंय. असंच लिहून नेलं, अन् आमची माणसं धरली."

बिचाऱ्याच्या मनातली भीती अजून गेली नव्हती, अंजलीला वाटलं. तिने चौथ्या नावाचं पहिलं अक्षर दाबलं.

"आत्ता एकदा वाजलं!" म्हातारा दचकून म्हणाला.

अंजलीचं बोट कीबोर्डवरच थांबलं. धीर करून तिने आणखी दोन अक्षरं दाबली.

"दोनदा," म्हातारा म्हणाला.

तिने झटकन हात मागे घेतले. कानात नुसती फितीची खरखर राहिली.

"थांबली का टकटक?" मुलाखत घेणाऱ्याने विचारलं.

"थांबली," म्हातारा कुजबुजला. "पर ती बाई गेली न्हाई. आयकायलीय."