उरलेली सांधणी

दामिनीनं कात्री उघडली, तसे नत्थूजी खुर्चीतून उठले.

“मॅडम, त्याले हात लावू नका.”

तांडापेठेतल्या समाजभवनात दामिनी बायकांना दहा दिवसांचं प्रशिक्षण देत होती. सकाळी तासभर तब्येतीची तपासणी आणि मन मोकळं करायच्या गप्पा, मग कोष्ट्यांचं जुनं विणकाम. बारा बायका होत्या. बहुतेकींच्या आज्या मागावर राबलेल्या, पण या बाराजणींपैकी कोणी विणायचा धोटा हातात धरला नव्हता. ठरलेला माग आलाच नाही. चौथ्या दिवशी जुने विणकर नत्थूजींनी घरचा आणून दिला.

त्यावर एक काम अर्धवट होतं. जुन्या ताण्याची, म्हणजे उभ्या धाग्यांची, टोकं मागातच ठेवून त्यांना नव्या ताण्याचा एकेक धागा पीळ देऊन जोडतात. ही सांधणी. चोवीसशे धाग्यांपैकी अकराशे जोडलेले होते, बाकीचे सुटे लोंबत होते. नत्थूजींची बायको रुख्माबाई गेली तेव्हापासून. त्याला अकरा वर्षं झाली होती. ते कापल्याशिवाय किंवा पुरं केल्याशिवाय मागावर विणता येणार नव्हतं.

“कापायचं नसेल तर उरलेलं मी जोडते,” दामिनी म्हणाली.

“ज्या हातानं सुरू केली, त्याच हातानं पुरी करा लागते. हात बदलला का ताण बदलते, कापड ओढल्या जाते.”

दामिनीला हे पटण्यासारखं वाटलं. पण त्यानं प्रश्न सुटत नव्हता.

“नत्थूजी, आमाले शिकवाचं आहे का मागाची पूजाच कराची आहे?” शिकायला आलेल्या यमुताई मागून म्हणाल्या. दोघीतिघी हसल्या.

“दुसरा माग पाहा तुमी. हा मी संध्याकाळी घरी नेतो.”

त्यांची सून भारती चहा घेऊन आली. ती मौद्याकडची, शेतकऱ्याघरची. प्रशिक्षणात तिचं नाव नव्हतं. मागाशी तिचा काय संबंध, असं नत्थूजीच म्हणाले होते. तिनं डाव्या हातानं कप पुढे केला.

“उजव्या हातानं दे वं,” नत्थूजी सवयीनं म्हणाले. तिनं हात बदलला.

दामिनीनं पर्समधून धागे मोजायचं भिंग काढलं आणि एका जोडावर धरलं. पीळ डावीकडे कललेला होता. पुढचाही तसाच. ती पहिल्या धाग्यापर्यंत मागे गेली, मग शेवटच्या जोडापर्यंत आली. नंतर तिनं सुताचे दोन तुकडे स्वतःच्या उजव्या हाताच्या बोटांत धरून पिळले. पीळ उजवीकडे कलला. तिनं पुन्हा करून पाहिलं.

“नत्थूजी, रुख्माबाई डावखुऱ्या होत्या?”

“नाही. काहून?”

“ही सांधणी डाव्या हाताची आहे. पहिल्या धाग्यापासून.”

भारतीनं किटली खाली ठेवली.

“मामाजी, आत्याबाईच्या बोटाईत वात होता. धागा धरल्या जात नव्हता. तुमी दुपारी बाहेर गेले का मी जोडत होती. त्या समोर बसून मोजत. तुमाले सांगू नको म्हणे.”

“अन् त्या गेल्यावर?” यमुताईंनी विचारलं.

“तुमी रोज त्या धाग्याईवर हात फिरवत होते,” भारती नत्थूजींनाच म्हणाली. “मी कसं सांगू?”

नत्थूजींनी चहा संपवला. कप खिडकीत ठेवला. जोडलेल्या धाग्यांवरून त्यांनी एकदा हात फिरवला, सावकाश, या काठापासून जिथे जोड संपत होते तिथपर्यंत. मग स्वतःची खुर्ची ओढून मागाशी लावली.

“बस.”

भारती बसली. तिनं पहिला सुटा धागा उजव्या हातानं उचलला.

“डाव्या हातानं,” नत्थूजी म्हणाले.

तिनं हात बदलला. बायका जवळ सरकल्या. नत्थूजी मागाच्या पलीकडे, तिच्या समोर, खाली सतरंजीवर बसले आणि धागा जोडला जाईपर्यंत थांबले.

“अकराशे एक,” ते म्हणाले.