अठ्ठावीसशेचं इंजिन

"हळू सोड. हळू म्हणतोय ना," ओमुरकुल खेकसला. "इंजिन आहे ते. तुझ्या आईच्या दारची मेंढी नाही, आदळली तरी उठून उभी राहायला."

कुतमानने साखळी घट्ट धरली. दोन दिवस तो सासऱ्याच्या अंगणात असंच ऐकून घेत होता. साखळीला टांगलेलं अठ्ठावीसशे सीसीचं इंजिन त्याच्या लाल, छोट्या हॅचबॅकच्या पोटात उतरत होतं. आधीचं तेराशेचं कोंबड्यांच्या खुराड्यापाशी पडलं होतं. ओमुरकुल येता-जाता त्याला लाथ घालत होता.

हे मोठं इंजिन ओमुरकुलच्या स्वतःच्या गाडीतलं. कारा-बाल्टात त्याच्यासारखा मेकॅनिक नव्हता आणि ती गाडी म्हणजे त्याचा जीव की प्राण. आता ती फाटकाशी बॉनेट उघडून पोकळ उभी होती. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं, असं गल्ली म्हणत होती. पण त्याचा हिशोब सरळ होता. चार दिवसांवर त्याच्या वारलेल्या बायकोची आश होती, वर्ष भरल्याचं जेवण. घाटात बर्फ पडायच्या आत उरकायचं होतं. अंगणात युर्त, नमद्याचा गोल तंबू, उभी राहणार, घोडी कापली जाणार, दोनशे माणसं जेवणार. आणि युर्तीत भिंतीकडे तोंड करून आईसाठी विलाप गायचा तो लेकीनेच. त्याची लेक एकच, बुरुल. तिला दिली होती तू-आशू घाटाच्या पलीकडे, तोक्तोगुलला.

मातीच्या दिवशी ती पोचली नाही. दरड कोसळून घाट बंद होता, त्याला कोण काय करणार. पण चाळिसाव्या दिवशीच्या जेवणाला कुतमानचा फोन आला: बायको, दोन मुलं, सामान, एवढ्या ओझ्याने गाडी घाटमाथ्यावरच्या बोगद्याच्या तोंडाशी उकळली, परत फिरावं लागलं. मग विलाप शेजाऱ्यांच्या सुनेने गायला. बाया एकमेकींकडे बघत चहा प्यायल्या. ओमुरकुलला मान वर करता आली नाही. या वेळी तो असलं काही चालू देणार नव्हता.

"परवा तू एकटा आलास तेव्हा बरी चढली रे."

"एकट्याला चढते, बाबा."

"हो ना. माझी लेक बसली की मात्र तिला धाप लागते. गाडी मालकावर गेलीय."

इंजिन सहजासहजी बसत नव्हतं. ओमुरकुलने जुने माउंट कापून नवे वेल्ड केले. रेडिएटर मावेना म्हणून पुढची जाळीच उडवली. पुढच्या स्प्रिंगा आपल्या गाडीच्या घातल्या, ब्रेकही आपलेच. "चढवशील रे," तो गाडीखालून म्हणाला, "पण उतरताना माझी नातवंडं दरीत घालशील. तुझा काय भरवसा."

दुपारी गाडी सुरू झाली. स्वयंपाकघराच्या काचा थरथरल्या, कुत्रं शेपूट घालून पळालं. ओमुरकुलने कान देऊन ऐकलं. एकही ठोका चुकत नव्हता. तो जावयाकडे वळला.

"उद्या सकाळी जा आणि तिला घेऊन ये. की आता दुसरं काही कारण शोधलंयस, जावईबापू?"

कुतमान जागचा हलला नाही. तो चिंधीने एकेक बोट पुसत राहिला. आमच्याकडे जावई सासऱ्यापुढे नजर वर करून बोलत नाही. त्यानेही केली नाही.

"बाबा, तेराशेचंसुद्धा चढायचं. सगळ्यांना घेऊन चढायचं. उकळली असं मी सांगितलं, तुमचा मान राहावा म्हणून. तीच बसायला तयार नव्हती."

ओमुरकुलने पाना उचलला. "काय केलंस तिला? बोल, काय केलंस?"

"मी नाही. लग्नानंतरच्या पहिल्या हिवाळ्यात ती माझ्या आईशी भांडून इथे आली होती. तुम्ही तिला फाटकातूनच परत लावून दिलीत. शेजारी बघायच्या आत जा म्हणालात. कोटसुद्धा काढू दिला नाहीत. कोळशाच्या ट्रकमध्ये बसून ती घरी आली."

ओमुरकुलला ते आठवत होतं. त्याला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं, एवढंच. नांदायला गेलेली पोर बोचकं घेऊन परत आली तर गल्लीतल्या कुठल्याही बापाने तेच केलं असतं. त्या रात्री त्याला झोपही छान लागली होती.

"मग आता काय पाया पडू तिच्या?" तो ओरडला. "आईची आश आहे. बाप बोलावतोय. माझी गाडी फोडून तिच्या गाडीत घातली. आणखी काय पाहिजे तिला?"

"तेच मी काल फोनवर सांगितलं तिला. म्हटलं, स्वतःच्या गाडीचं इंजिन काढून दिलंय बाबांनी. मला वाटलं, विरघळेल."

"मग?"

कुतमान अडखळला. सांगावं की नाही, असं त्याला झालं होतं.

"म्हणाली, आई दर उन्हाळ्यात बसने धक्के खात माझ्याकडे यायची. बाबांना विचार, हेच इंजिन चार वर्षं त्यांच्या गाडीत होतं. ते का नाही एकदाही घाट चढलं?"

इंजिन चालूच होतं. ओमुरकुल त्या इंजिनाकडे बघत राहिला. लाजेने त्याचे कान तापले होते. त्याने पाना खाली ठेवला, ओट्यावरची नमद्याची टोपी डोक्यावर घातली आणि लाल गाडीचं दार उघडून ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन बसला.

"चाचणी घ्यायचीय का, बाबा?" कुतमानने गोंधळून विचारलं. "मग तुम्हीच चालवा ना."

"तू चालव," ओमुरकुल म्हणाला. "मला तिचं घर माहीत नाही."