सगळं ऐकणारा माईक

"तो नको. तो गोल तोंडाचा द्या, सगळं ऐकणारा," लहानू म्हणाला.

ताराचंद चाटच पडला. सदर बाजारातल्या त्याच्या दुकानात लग्नाच्या लाउडस्पीकरपासून रेडिओच्या सेलपर्यंत सगळं मिळायचं, पण माईकच्या बाबतीत लहानूइतकं चिकित्सक गिऱ्हाईक त्याला दुसरं नव्हतं. हाच गोल माईक लहानूने मागे एकदा घरी नेला होता आणि तणतणत परत आणला होता. गिटार सोडून घरातलं झाडून सगळं त्यात येतं, ही तक्रार. मग त्याने फक्त समोरचं ऐकणारा माईक नेला आणि तेव्हापासून त्याचे गोडवे गाणं काही थांबलं नव्हतं.

"गिटारसाठी हा कामाचा नाही गा," ताराचंद म्हणाला. "मांगं-पुढं जे असंल ते सारं पकडते. बायको खोकलली तरी टेपात येईल."

"येऊ दे."

ताराचंद हसला. लहानू हसला नाही.

लहानू अजनीला रेल्वेत कारकून होता. शेजारचे गार्डसाहेब परदेशी जाताना आपली गिटार त्याला देऊन गेले आणि इंदोऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत दर रविवारी दुपारी संचारबंदी लागू लागली. लहानू खाटेवर गिटार घेऊन बसायचा, स्टुलावर माईक, बाजूला टेप. त्याच्या बायकोने, प्रेमिलाने, स्टो विझवायचा, बांगड्या काढायच्या आणि दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला ओठावर बोट ठेवून परत पाठवायचं. तिला मधेच खोकला आला, की लहानूचा पारा चढायचा. "एवढा वेळ दम नाही धरता येत तुले?" हळूहळू तिला तो धरता यायला लागला.

त्या गोल माईकवर मात्र ती आली होती. बांगड्या, खलबत्ता, स्वतःशीच गुणगुणणं, भिंतीपलीकडच्या कौसल्येला मारलेली हाक, "नळ आला वं!" सगळंच्या सगळं. लहानूने त्याच कॅसेटवर पुन्हा गिटार भरली आणि ते पुसून टाकलं. त्या दिवशी तो खूश होता.

आता दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला व्हरांड्यात नेऊन सांगितलं होतं की बायकोला घरी न्या, जे आवडेल ते खाऊ घाला. प्रेमिलाला त्याने सांगितलं, अशक्तपणा आहे, टॉनिकने भरून येईल. असं दुखणं कोणी दुखणेकऱ्याच्या तोंडावर सांगत नाही. कौसल्येसकट सगळी गल्ली त्या खोटेपणात सामील झाली होती.

तिचे फोटो होते. आवाज कुठेच नव्हता. आणि माईक पुढे धरून बोल म्हणावं, तर तिला कळलंच असतं. म्हणून लहानूने ही युक्ती काढली. आपण गिटार वाजवायची. ती बोलेल, कण्हेल, खोकेल. जे येईल ते येईल. खोकला तर खोकला, पण तिचा.

त्याने स्टूल तिच्या उशाशी ओढलं.

"इतक्या जवळ काहून?" प्रेमिलाने विचारलं.

"नवा माईक आहे. दुरूनही गिटार ऐकते."

"मंग पंखा बंद करा न. घरघर येईल."

त्याने पंखा बंद केला. तिने हात खाली सोडला तशा बांगड्या आपोआप घरंगळून आल्या. त्या तिने उशीखाली सारल्या.

"राहू दे वं बांगड्या," लहानू म्हणाला.

"आवाज येते न त्याईचा."

त्याने टेप सुरू केला. तिच्या आवडीची धून घेतली. ती काही बोलेल म्हणून मधे मधे थांबला. एकदा मुद्दाम चुकला, कारण तो चुकला की ती हमखास हसायची. काहीच नाही. मान वर करून तिच्याकडे बघायचा त्याला धीर होत नव्हता. धून लांबवता येईल तेवढी लांबवली. शेवटी तार थांबली आणि सवयीने त्याचं बोट बटणावर गेलं. खट्.

मग त्याने वर पाहिलं. प्रेमिलाने पदराचा बोळा तोंडात कोंबला होता. डोळे भरून वाहत होते. टेप थांबलेला पाहून तिने बोळा काढला आणि ती खोकली, खोकतच राहिली. लहानू तिची पाठ चोळत होता आणि त्याला रडू आवरत नव्हतं.

"काहून कोंडला वं दम? काहून?"

"एकदाबी नाही खोकलली," ती म्हणाली. तिला केवढं समाधान झालं होतं. "डॉक्टर काय बोलला ते मले मालूम हाय. मी गेल्यावर हे ऐकसान, तं माझा खोकला आड नाही याले पायजे."

तेवढं बोलून तिचा आवाज जो बसला, तो पुन्हा उठलाच नाही. लहानूने माईक तिच्या ओठांपाशी धरून पाहिला. ती नुसती हसली आणि मानेने नको म्हणाली.

ती गेल्यावर ताराचंद भेटायला आला. लहानूने न विचारताच टेप लावला. ताराचंदने सवयीने कान पुढे केला.

"कसं साफ आलं गा," तो हळूच म्हणाला. "तारेशिवाय दुसरं काईच नाही. कोणता माईक हा?"

"सगळं ऐकणारा," लहानू म्हणाला.