रस्त्याची फी

भाईंनी फीचे पैसे टेबलावरून परत सरकवले.

"नको रे सहदेवा. यंदा तरी नको."

सहदेव सायकल धरून तसाच उभा राहिला. मागे नाव घालायला आलेले लोक खोळंबले होते. सव्वीस जानेवारीच्या सायकल शर्यतीचं सगळं मालवणात भाईच बघत. शर्यत चौक्याला सुटायची आणि मालवणात संपायची. तेवढा वेळ रस्ता बंद. एसटी नाही, बैलगाडी नाही. शेवटचा स्वार पोचल्याशिवाय रस्ता उघडायचा नाही, हा नियम भाईंनीच घातला होता. आणि शेवटचा स्वार दरवर्षी सहदेव असायचा.

शेवटच्याच्या गळ्यात खाऱ्या बांगड्यांची माळ घालत. सहदेव मान वाकवायचा, सगळ्यांबरोबर हसायचा आणि माळ घरी न्यायचा. पेजेबरोबर ते बांगडे नवराबायको महिनाभर खात.

"बांगड्यांसाठी फी भरतंस काय रे?" मागून सायकल दुकानवाल्या महादूने विचारलं. "बाजारात स्वस्तात गावतत मेल्या. आणि तू तर स्वताच मासे इकतंस!"

लोक हसले. भाई हसले नाहीत.

"गेल्या वर्षी तुझ्यापायी यष्टी चौक्याक अडकान ऱ्हवली. माणसांनी माका नको नको ता बोलल्यानी. यंदा तसा झाला तर फुडे रस्तो बंद करूक परवानगी गावाची नाय. म्हणजे शर्यतच बंद. आणि तुझ्या घरात तर..."

भाई थांबले. सहदेवची बायको चंद्रावती श्रावणात तापाने गेली होती.

"भाई," सहदेव म्हणाला, "मी शर्यतीची फी देत नाय. रस्त्याची देतंय."

"रस्तो इकत गावता काय? त्याच रस्त्यान रोज फुकट जातंस!"

ते खरं होतं. रोज सकाळी किनाऱ्यावरचे मासे घेऊन सहदेव त्याच रस्त्याने चौक्याकडे जायचा. कॅरियरवर माशांची टोपली बांधलेली असायची. चंद्रावतीही त्याच रस्त्याने जायची, डोक्यावर पाटी घेऊन, पायी. परतताना दोघांची गाठ पडायची. मग सहदेव खाली उतरायचा आणि सायकल हातात धरून तिच्याबरोबर चालायचा. एसटीतले लोक खिडकीतून ओरडायचे, "रे, सायकलीक चालवक न्हेतंस काय?" चंद्रावती पदर पुढे ओढायची आणि रस्त्याच्या कडेला सरायची.

"ह्या वर्षी एकदाच," सहदेव म्हणाला. "यष्टी अडाची नाय. शब्द देतंय."

भाईंनी पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी चौक्याला स्वार जमले. सगळ्यांनी नेहमीप्रमाणे सायकली हलक्या केल्या होत्या. कॅरियर काढलेले, घंटा काढलेल्या. एरवी एकटा सहदेव कॅरियर ठेवायचा. वर घडी घातलेली घोंगडी बांधायचा. "सड्यार निजूक जाता," असं लोक म्हणत. यंदा त्याच्याही सायकलला कॅरियर नव्हता.

"उशिरा का होईना, शिकलो!" महादू म्हणाला. तोही शर्यतीत होता.

शर्यत सुटली. सहदेव सगळ्यांच्या मागे राहिला. गाव संपलं की चढ लागतो आणि चढाच्या डोक्यावर एक फणस आहे. तिथून पुढे सडा. कातळ आणि सुकं गवत, घर नावाला नाही. दरवर्षी सहदेव फणसाखाली उतरायचा. चौक्याचे लोक खालून बघायचे आणि म्हणायचे, धाप लागली. मग ते आपापल्या घरी जायचे.

यंदाही त्याने फणसाखाली पाय टेकला. झाडाच्या बुंध्याकडे बघितलं. मग पाय उचलला आणि जोरात पेडल मारलं. खालच्या लोकांना दिसलं ते एवढंच, की सहदेव यंदा उतरला नाही.

मालवणात भाई चहा पीत होते. फीत अजून बांधायची होती. उताराकडून कोणी आलं म्हणून लोक ओरडले आणि भाई कपबशी घेऊनच रस्त्यात आले.

तो सहदेव होता. मागे लांबवर दुसरं कोणी दिसत नव्हतं.

शेवटी महादू आला. बांगड्यांची माळ त्याच्या गळ्यात पडली. ती मोठी झाली म्हणून त्याने तक्रार केली आणि लोक पुन्हा हसले. एसटी वेळेवर सुटली.

भाईंनी चांदीचा कप सहदेवच्या हातात दिला. सहदेवने तो बांधायला म्हणून मागे नेला. कॅरियर नव्हता. मग त्याने कप काखेत धरला.

"मेल्या," भाई म्हणाले, "इतकी वर्सा ह्यो जोर खंय होतो? का खराच सड्यार निजत होतंस?"

सहदेव रस्त्याकडे बघत राहिला. सड्यावरून आता बैलगाड्या उतरत होत्या.

"निजत नाय होतंय, भाई. एरवी तिका लाज वाटायची. रस्तो बंद असलो काय सड्यार बघूक कोण नसता. त्या दिसाक चंद्रावती माझ्या मागे बसायची."

सहदेवने काखेतला कप सावरला.

"माका म्हणायची, सावकास मार. ह्यो रस्तो आता वर्सान गावतलो."