गावरान बी

देश व्यापारसंघातून बाहेर पडला आणि ज्वारीची कणसं पोकळच राहिली. संघाच्या बियाण्यात दाणा भरायला संघाचंच औषध फवारावं लागे, आणि ते आता येईना. बार्शीच्या प्रयागा डिसले कणीस चुरगाळत उभ्या असताना कृषी अधिकारी आले.

"ताई, जुनं गावरान बी असेल तर द्या. लोक उपाशी मरतील."

"संघात शिरताना घरोघरचं बी तुम्हीच जाळलंत ना? माझ्या सासूनं तुमचे पाय धरले होते!"

"वरून आदेश होता."

"मग मागा की वरच्यांकडेच!" प्रयागा कडाडल्या.

बी होतं. सासूनं थोडं भिंतीत लिंपून ठेवलं होतं. संध्याकाळी प्रयागांनी भिंत फोडून ते गावाला मूठमूठ वाटलं. अधिकाऱ्यांनीही हात पसरले. त्यांच्या हातात प्रयागांनी खुरपं ठेवलं.