वाळूतली ढाल

“तोंड उघडंच टाकलंय?” दमासियस ओरडला. “झाकायला एक फडकं नव्हतं तुमच्याकडे?”

शत्रूच्या किनाऱ्यावर तो निःशस्त्र उभा होता. दूताची काठी हातात होती म्हणूनच त्याला इथवर येऊ दिलं होतं. समोर वाळूत प्रेत. भाल्याने चेहऱ्याची ओळखच पुसून टाकलेली. मागच्या तंबूवर कांस्याच्या बैलाची ढाल टांगली होती. तो बैल दमासियसच्या घराण्याचा. दोन्ही बेटांवर पोरंसोरंही ओळखायची.

“म्हातारबा, आवाज खाली,” एवार्खस म्हणाला. ढाल जिंकणारा तोच. “पोराला न्यायला आलास की माझी झडती घ्यायला?”

“आधी सांग, कसा मेला.”

“मेला तसा मेला. प्रेताच्या बदल्यात आणलेल्या कढया उतरव, नि घेऊन जा.”

“कसा मेला ते सांग! आमच्या गावात काय बोलतात ठाऊक आहे? तिमान्दर पळाला म्हणतात. मी सभेत गेलो की माझ्या शेजारचा उठतो. माझी बायको झऱ्यावर गेली तर बाकीच्या घडे उचलून चालू लागतात. घर नासलं माझं.”

एवार्खसचं तोंड लाल झालं. पळपुट्याला मारण्यात कसली कीर्ती? अशा माणसावर कोण गाणं रचणार?

“जीभ हासडीन तसं म्हणणाऱ्याची! मी काय पाठीत भाले खुपसत फिरतो? ऐक. तुमची माणसं मेंढरांसारखी जहाजांकडे धावत होती. ही ढाल वाळूत पडली होती. मलाही वाटलं, टाकून पळाला. तेवढ्यात हा जहाजावरून खाली उडी मारून उलटा आला. ढाल उचलली आणि माझ्यासमोर उभा राहिला. अंगावर चिलखतसुद्धा नाही. केवढा माज!”

“जहाजावरून आला?” दमासियसने विचारलं.

“मग सांगतोय काय? याच्या मागे तुमची तीन जहाजं पाण्यात ढकलली गेली. हा एक पाऊल मागे सरला नाही.”

दमासियसने काठी वाळूत रोवली. मग म्हणाला, “हे शपथेवर सांग. दोन्ही गावांच्या दूतांसमोर. झ्यूसचं नाव घेऊन.”

एवार्खसने वाळूवर मद्य ओतलं आणि शपथ घेतली. खणखणीत आवाजात, आनंदाने. शेवटी आपलंही नाव त्याने दोनदा घेतलं.

दमासियस प्रेताशेजारी गुडघ्यांवर बसला. मुठीत वळलेला उजवा हात त्याने उलगडला. तळव्यावर वल्ह्याने पडलेले घट्टे होते, चामड्यासारखे. त्याने मूठ पुन्हा मिटली. स्वतःच्या अंगावरचा झगा काढून त्याने प्रेत डोक्यापासून पायापर्यंत झाकलं. झग्याची कड त्याने रागाने वाळूत खुपसली.

“एवढा संताप कशाला?” एवार्खस म्हणाला. “मला असा मुलगा असता तर मी मिरवलं असतं.”

“असा मुलगा,” दमासियस दात आवळून म्हणाला, “सगळ्यांच्या नशिबात नसतो.”

जहाज घरच्या किनाऱ्याला लागलं तेव्हा गावाने प्रेत खांद्यावरून वर नेलं. कालपर्यंत पाठ फिरवणारे आज खांदा द्यायला ढकलाढकली करत होते. मेलिताने, दमासियसच्या बायकोने, अंग स्वतः धुतलं. दार लावून घेतलं, एकाही बाईला हात लावू दिला नाही. चितेपाशी मात्र ती अशी रडली की बायकांना तिला धरून ठेवावं लागलं.

“नाव घेऊन रड गं,” शेजारीण म्हणाली. “नाव घेतल्याशिवाय त्याला कसं ऐकू जाईल?”

मेलिता नुसती “पोरा, पोरा” म्हणत राहिली.

दुपारी, चितेवर मद्य शिंपडल्यावर, गवयाने तंतुवाद्य मांडीवर घेतलं. गाण्यात तिमान्दर सिंहासारखा वळला, तिमान्दरने ढाल उचलली, तिमान्दरचं नाव समुद्र आटेपर्यंत राहणार होतं. तिसऱ्यांदा ते नाव आलं तेव्हा दमासियसने हातातला पेला दगडावर आपटला.

“पुरे कर!”

“दुःख आहे,” गावचा प्रमुख बाकीच्यांना म्हणाला. “बापाचं काळीज.” त्याने दमासियसचा दंड धरला. “आजपासून सभेत तू माझ्या उजवीकडे बसायचं. वीराचा बाप तू.”

दमासियसने त्याचा हात झटकला. भाजलेल्या मांसाचा एक तुकडा आणि भाकर उचलून तो घरामागच्या कोठाराकडे निघाला. कुणी अडवलं नाही. त्याला एकटं राहायचं असेल, असं सगळ्यांना वाटलं.

आत जाऊन त्याने दार ओढून घेतलं. तेलाच्या रांजणांमागे त्याने मांस आणि भाकर भिरकावली, कुत्र्यापुढे टाकावी तशी.

“कोण होता तो?” त्याने विचारलं.

“वल्हेकरी होता कुणीतरी, बाबा,” तिमान्दर म्हणाला. “मी कधी नाव विचारलं नाही.”