मास्तर नक्की कोण

"म्हातारा ह्याला एकेरीत हाक मारतो, हा म्हाताऱ्याला गुरुजी म्हणतो. मग आपला मास्तर कोण रे?" अँब्रोज शेजारच्या भिवाच्या कानात कुरकुरला. बाकांमधून फिरणाऱ्या उत्तमने ते ऐकलं आणि न ऐकल्यासारखं केलं.

ठाण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात तो नुकताच लागला होता. मास्तर व्हायला आलेल्यांना शिकवायचं काम. त्यांत पुढच्याच बाकावर विठ्ठलपंत. टिटवाळ्याच्या शाळेत ह्याच पंतांनी कान पिळून पिळून उत्तमला पाढे शिकवले होते. आता सरकारला सर्टिफिकेट हवं होतं. ते मिळालं नाही, तर पंतांची शाळा जाणार होती.

पहिल्या दिवशी उत्तम सवयीने त्यांच्या पाया पडला. मास्तर पडले म्हणून सगळा वर्ग पडला. "बस रे उत्तम्या," पंत म्हणाले, आणि वर्ग उभा असताना मास्तरच बसले.

ही गोष्ट प्रिन्सिपॉलसाहेबांपर्यंत गेली. शिक्षकाला 'मास्तर' न म्हणणाऱ्याचं नाव पटावरून कापलं जाईल, असा हुकूम सुटला. पण पंतांना सांगणार कोण? उत्तमने अँब्रोजला गाठलं, अँब्रोजने भिवाला. भिवा म्हणाला, "त्यापेक्षा माझंच नाव कापा." हुकूम पंतांपर्यंत पोचलाच नाही.

आणि आज साहेब स्वतः दारात.

उत्तमने टेबलावर दिवा ठेवला, तो सूर्य. हातात पपनस, ती पृथ्वी. पपनस सतत दिव्याकडेच कलतं धरून तो दिव्याभोवती फिरला, आणि ऋतू का बदलतात ते घाम पुसत सांगून मोकळा झाला. माना डोलत होत्या. पंत मात्र डोळे बारीक करून बघत होते. पोराची चूक सापडली की ते अस्सेच बघायचे. उत्तमचा कान आपोआप गरम झाला.

"समजलं ना सगळ्यांना?"

"हो मास्तर!" वर्ग एका सुरात म्हणाला. पंत तेवढे गप्प.

साहेबांनी त्यांच्याकडे छडी रोखली. "आणि तुम्ही? तुम्ही काही बोलला नाहीत."

पंत गुडघ्यांवर हात टेकत उठले. आता 'उत्तम्या' येणार, आणि त्यामागोमाग शाळा जाणार. उत्तमने डोळेच मिटून घेतले.

"मास्तर," पंत हात जोडून म्हणाले, "मला ह्यातलं काही म्हणजे काही समजलं नाही. ह्या पोरांनाही नाही. पुन्हा सांगता का?"